नाताळातील सवलतीची पुस्तके

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील विद्यापीठांच्या पुस्तक-भांडारांत डिसेंबरच्या मध्यावर दोन प्रकारची गर्दी एकदमच होत असे. परीक्षा आटोपलेले विद्यार्थी काखेत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे मारून ती भांडारालाच परत विकण्यासाठी एका खिडकीशी रांग धरीत. आणि नाताळनिमित्त मांडलेल्या सवलतीच्या पुस्तकांच्या लांब मेजांभोवती प्राध्यापक, त्यांची कुटुंबे आणि गावातली पुस्तकवेडी माणसे घोटाळत असत. छापील किंमत खोडून तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची किंमत लिहिलेल्या चिठ्ठ्या त्या पुस्तकांवर लावलेल्या असत. पुस्तक उलटे धरून पाहिले, तर पुष्कळांच्या खालच्या कडेवर काळ्या शाईची एक रेघ किंवा ठिपका आढळे. ही रेघ कशाची, ती सवलत येते कोठून, आणि तिचे पैसे अखेर कोणाच्या खिशातून जातात, हा आजचा आमचा विषय आहे.

विषय थोडा बाजारी वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. ग्रंथांचा इतिहास म्हटला की ग्रंथकार, त्यांची मते आणि त्या मतांनी घडविलेल्या क्रांत्या यांविषयी बोलण्याची आपल्याकडे चाल आहे. पुस्तकाच्या किमतीविषयी बोलणे म्हणजे देवळात जाऊन नारळाचा भाव विचारण्यासारखे. परंतु ज्याला तो नारळ परवडत नाही त्याला देवळाच्या पायरीवरूनच परतावे लागते, हेही तितकेच खरे. कोणी काय वाचले याचा इतिहास लिहिताना कोणाला काय परवडले हे वगळले, तर तो इतिहास निम्माच राहतो. आणि सवलत म्हणजे दुकानदाराचा सणासुदीचा उदारपणा, ही जी सर्वसाधारण समजूत आहे, ती तर अगदीच चुकीची आहे. पुस्तक एकदा विकले गेले म्हणजे त्याच्या किमतीवर सत्ता कोणाची, छापणाऱ्याची की विकत घेणाऱ्याची, या एका प्रश्नावर अडीचशे वर्षे दुकानांत, वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत भांडणे झाली. नाताळातले ते मेज म्हणजे त्या भांडणांत एका बाजूस मिळालेला तात्पुरता जय होय.

या कथेचा आरंभ लंडनमध्ये, आणि योगायोगाने नाताळच्या आदल्या दिवशीच होतो. जेम्स लॅकिंग्टन हा सॉमरसेट परगण्यातील वेलिंग्टन गावी १७४६ साली जन्मलेला एका मोच्याचा मुलगा. बाप दारूत बुडालेला; पोराचे शिक्षण जेमतेम. टाँटन येथे त्याने जोडे शिवण्याची उमेदवारी केली आणि पुढे बायकोला घेऊन नशीब काढण्यासाठी तो लंडनला आला. एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरात अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग, एवढीच शिल्लक होती. बायकोने सणाच्या जेवणाचे सामान आणायला त्याला बाजारात पाठविले. वाटेत जुन्या पुस्तकांचे दुकान लागले. सहा-नऊ पेन्सच खर्चू असे मनाशी ठरवून हा आत शिरला आणि एडवर्ड यंगच्या ‘नाइट थॉट्स’ या काव्याची प्रत घेऊन रिकाम्या खिशाने बाहेर आला. बायकोला त्याने घातलेली समजूत त्याने स्वतःच आठवणींत नमूद करून ठेवली आहे. जेवण आणले असते तर ते उद्या संपले असते, पुस्तकाची मेजवानी मात्र पन्नास वर्षे पुरेल, असा तिचा आशय. ती माउली यावर काय म्हणाली असेल, याची कल्पना श्रोत्यांतील गृहिणींनी करावी.

१७७४ साली मेथडिस्ट पंथाच्या एका निधीतून बिनव्याजी पाच पौंड कर्ज घेऊन त्याने चामड्याबरोबरच जुनी पुस्तके विकायला प्रारंभ केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभागृहाने डोनाल्डसन विरुद्ध बेकेट हा खटला निकालात काढून ग्रंथस्वामित्वाचा हक्क अमर नसून कायद्याने ठरविलेल्या मुदतीपुरताच आहे, असे ठरविले होते. तोपर्यंत लंडनचे मूठभर पुस्तकविक्रे जुन्या कवींच्या कवितासुद्धा वडिलार्जित जमिनीप्रमाणे आपसांत विकत, वाटून घेत आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत. एडिंबरोचा डोनाल्डसन हा लंडनमध्ये दुकान थाटून त्यांच्यापेक्षा पुष्कळच कमी भावाने पुस्तके विकी, हा त्याचा अपराध. या निकालाने स्वस्त पुनर्मुद्रणाचे दार उघडले. लॅकिंग्टनने उघडले ते दुसरेच दार.

त्या काळची रीत अशी होती की, एखाद्या पुस्तकाच्या प्रती पडून राहिल्या म्हणजे प्रकाशक त्यांचा खासगी लिलाव करीत. लिलावाला निवडक व्यापाऱ्यांनाच बोलावणे असे. ते उरलेला साठा स्वस्तात घेत, त्यातल्या निम्म्या, कधी तीन-चतुर्थांश प्रती चक्क नष्ट करीत आणि राहिलेल्या प्रती पुन्हा पूर्ण किमतीस विकीत. जो कमी किमतीला विकील त्याला पुढल्या लिलावाचे बोलावणे बंद. माल जाळून भाव टिकविण्याची ही युक्ती जगात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ मालांबाबत वापरली गेली आहे. पण धान्य जाळल्याची जशी चीड येते तशी पुस्तके रद्दीत गेल्याची येत नाही, कारण पुस्तकावाचून मेलेला मनुष्य दिसत नाही. लॅकिंग्टननेही प्रथम हीच रीत पाळली. मग त्याच्या ध्यानात आले की, शंभर प्रती जाळून पंचवीस पूर्ण भावाने विकण्यापेक्षा सव्वाशेच्या सव्वाशे पाव किमतीला विकल्या तर गिऱ्हाईक मिळते, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येते. तो साठेच्या साठे विकत घेऊ लागला. १७८० साली त्याने दुसरा नियम केला : उधारी बंद. उमराव असो की धर्मोपदेशक, रोख मोजील त्यालाच पुस्तक. पण उधारीतली बुडीत आणि व्याज वाचल्यामुळे सर्वांनाच किंमत कमी. प्रतिष्ठित गिऱ्हाइकांना उधार न देणे हा त्या काळी जवळजवळ उद्धटपणाच होता. तोलूनमापून पाहिले तर त्याच्या सवलतीचे रहस्य एवढेच होते : काही जाळायचे नाही आणि काही उधार द्यायचे नाही.

१७९१ साली त्याने आठवणी प्रसिद्ध केल्या, त्या वेळी वर्षाला एक लाखाहून अधिक ग्रंथ आपण विकतो असे तो सांगतो, आणि वीस वर्षांपूर्वीपेक्षा आता चौपट पुस्तके खपतात असा अंदाजही देतो. त्या दशकात फिन्सबरी चौकात त्याने ‘टेंपल ऑफ द म्यूझेस’ हे अवाढव्य दुकान उघडले. दुकानाच्या आतून घोडागाडी फिरवून त्याचा विस्तार लोकांना दाखविला, असे सांगतात. घुमटावर झेंडा, दारावर जगातील सर्वांत स्वस्त पुस्तकविक्रे अशी पाटी. आत वर्तुळाकार सज्जे एकावर एक रचलेले. जसजसे वर चढावे तसतशी पुस्तकांची बांधणी साधी आणि किंमत उतरती. ज्याच्या खिशात कमी त्याच्या पायांना अधिक श्रम, असा हा हिशेब; पण वरच्या सज्ज्यातील पुस्तकाचा मजकूर खालच्या पुस्तकापेक्षा हलका नव्हता. १७९८ साली तो धंद्यातून निवृत्त झाला. ज्या मेथडिस्टांच्या पाच पौंडांवर तो उभा राहिला त्यांची आपल्या आठवणींत त्याने यथेच्छ टिंगल केली होती, आणि उतारवयात त्यांच्यासाठीच प्रार्थनामंदिरे बांधून दिली. माणूस तसा विक्षिप्त आणि आत्मस्तुतीचा शौकीन होता. तरीही उरलेली पुस्तके जाळण्यापेक्षा वाचकाला स्वस्तात द्यावी हा धडा व्यापाराला त्याच्याइतका ठळकपणे कोणी दिला नाही, असे आमचे मत आहे.

येथवर ऐकून, स्वस्त विकणारा तो सज्जन आणि भाव राखणारा तो दुर्जन, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. इतिहास इतका सरळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या पुस्तकविक्यांच्या संघाने मर्यादेबाहेर सूट देणाऱ्यांना माल न देण्याचा नियम कडक केला. जॉन चॅपमन या विक्रेत्याने तो मोडला. त्याला वाळीत टाकताच १८५२ च्या मे महिन्यात त्याच्या घरी चार्ल्स डिकन्सच्या अध्यक्षतेखाली लेखकांची निषेधसभा भरली. खुल्या व्यापाराचे वारे तेव्हा जोरात होते. लॉर्ड कँबेल यांच्यापुढे वाद लवादास गेला आणि त्यांनी संघाच्या विरुद्ध कौल दिला. संघ मोडला. त्यानंतर शिलिंगमागे तीन पेन्स, म्हणजे रुपयास चार आणे, सूट ही लंडनमध्ये जवळजवळ हक्काचीच होऊन बसली.

परिणाम काय झाला? प्रकाशकांनी छापील किमतीच वाढवून ठेवल्या. म्हणजे वाचकाला जे चार आणे सुटले ते आधी त्याच्याच माथी चढविलेले होते. आणि लहान गावातला जो दुकानदार निवडक, संथ खपाची पुस्तके बाळगून होता, त्याला जगण्याइतका नफा उरेना. तो लेखनसाहित्य आणि शोभेच्या वस्तू विकून पोट भरू लागला. सूट देणारे मोठे दुकान राजधानीत, आणि सूट परवडत नाही म्हणून पुस्तकाचे दुकानच नसलेला गाव परगण्यात, ही स्थिती वाचकाच्या हिताची म्हणता येणार नाही.

फ्रेडरिक मॅकमिलन या प्रकाशकाने १८९० साली यावर तोड काढली. जे पुस्तक ‘नेट’, म्हणजे निव्वळ किमतीचे म्हणून जाहीर होईल ते कोणीही एक पैसाही कमी करून विकू नये. उलट प्रकाशकाने किंमत मुळातच वाजवी ठेवावी. या प्रयोगासाठी निवडलेले ठळक पुस्तक होते अ‍ॅल्फ्रेड मार्शलचे ‘अर्थशास्त्राची मूलतत्त्वे’. किंमत साडेबारा शिलिंग निव्वळ. मागणी आणि पुरवठा यांच्या कात्रीत किंमत कशी ठरते हे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना ज्या पुस्तकाने शिकविले, त्याच पुस्तकाची किंमत बाजारावर न सोडता करारानेच बांधून टाकली होती. १९०० च्या पहिल्या जानेवारीपासून सर्व प्रमुख प्रकाशकांचा ‘नेट बुक’ करार अमलात आला. शालेय पाठ्यपुस्तके मात्र या बंधनाबाहेर राहिली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कराराची पहिली कसोटी लागली ती एका वर्तमानपत्राशी. ‘टाइम्स’चा खप उतरला होता. १९०५ साली त्याने वर्गणीदारांसाठी ग्रंथालय काढले आणि वाचून परत आलेली, पण पुष्कळ वेळा कोरी करकरीत दिसणारी पुस्तके ‘वापरलेली’ म्हणून सवलतीत विकण्यास सुरुवात केली. एका हातातून दुसऱ्या हातात गेले की पुस्तक जुने झाले, असा त्याचा युक्तिवाद. प्रकाशकांनी त्याला पुस्तके देणे बंद केले. ‘टाइम्स’ने त्यांना आपल्या स्तंभांत झोडपण्यास प्रारंभ केला. १९०७ साली जॉन मरे यांनी व्हिक्टोरिया राणीच्या पत्रांचे तीन खंड तीन गिनींना प्रसिद्ध केले, तेव्हा ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्राने त्यांच्या नफ्याची तुलना यहूदाच्या चांदीच्या नाण्यांशी केली. मरे यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९०८ साली साडेसात हजार पौंड वसूल केले. त्याच वर्षी ‘टाइम्स’ नॉर्थक्लिफ यांच्या ताब्यात गेले आणि तह झाला. पुस्तके इतर मालासारखी नाहीत, हे करारवाल्यांचे पालुपद १९६२ साली न्यायालयानेही उचलून धरले. मात्र पुढे काही बड्या प्रकाशकांनीच अंग काढून घेतले, १९९५ साली करार कोसळला आणि १९९७ साली न्यायालयाने तो लोकहितविरोधी ठरविला. पुढील वीस वर्षांत इंग्लंडातील स्वतंत्र पुस्तक-दुकानांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. फ्रान्सने १९८१ साली कायदा करून नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सूट देण्यास बंदी घातली होती, ती मात्र टिकून राहिली. एकाच प्रश्नाची दोन शेजाऱ्यांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत. आम्हांस विचाराल तर किंमत करारानेच बांधावी असे आम्हांस वाटत नाही, पण परगण्यातल्या दुकानदाराचे रडगाणे खोटे होते असेही आम्ही म्हणणार नाही.

आता अटलांटिक ओलांडून जेथून आरंभ केला तेथे परत येऊ. अमेरिकेतील प्रकाशकांनीही १९०१ साली इंग्रजांचे पाहून निव्वळ किमतीचा नियम केला. तेथे गाठ पडली न्यूयॉर्कच्या मेसी या विविधवस्तुभांडाराशी. त्याचे मालक इसिडोर आणि नेथन हे स्ट्रॉस बंधू. रोखीने खरेदी, रोखीने विक्री आणि म्हणून सर्वांहून कमी भाव, असा त्यांचा बाणा. लॅकिंग्टन पुन्हा जन्मास आला म्हणावे तसा. बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने १९०४ साली हॅली अर्मिनी राइव्ह्ज या लेखिकेची ‘द कास्टअवे’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. आत सूचना छापली होती की, या पुस्तकाची किरकोळ किंमत निव्वळ एक डॉलर आहे आणि याहून कमी किमतीस विकणे म्हणजे ग्रंथस्वामित्वाचा भंग होय. मेसीने ती कादंबरी ८९ सेंटांना विकली. अकरा सेंटांचे हे भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बायरनच्या आयुष्यावर बेतलेली ती कादंबरी आज कोणी वाचत नाही. परंतु तिच्या त्या छापील सूचनेवर १९०८ च्या जूनमध्ये दिलेला निकाल आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास वाचावा लागतो. न्यायालयाने म्हटले, ग्रंथस्वामीला प्रत विकण्याचा हक्क आहे. पण एकदा पुरी किंमत घेऊन ती विकल्यावर पुढे ती कोणी कितीला विकावी हे ठरविण्याचा हक्क त्याला नाही. कायदेपंडित यास ‘पहिल्या विक्रीचे तत्त्व’ म्हणतात. दुसऱ्या वर्षी ते कायद्यातच समाविष्ट झाले. स्ट्रॉस बंधूंनी पुढे प्रकाशकांच्या संघटनेवरही मक्तेदारीविरोधी कायद्याखाली जय मिळविला. तो निकाल १९१३ च्या डिसेंबरात लागला. इसिडोर स्ट्रॉस तो ऐकायला नव्हते. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ जहाजावर पत्नीसह त्यांना जलसमाधी मिळाली होती.

अमेरिकेतील प्रत्येक जुन्या पुस्तकाचे दुकान, प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालय आणि विद्यापीठाच्या भांडारातील ती परतखरेदीची खिडकी, ही सर्व या अकरा सेंटांच्या निकालाच्या छायेत उभी आहेत. १९३७ साली किंमत बांधून देण्याच्या करारांना पुन्हा कायद्याने मुभा मिळाली, ती १९७५ पर्यंत चालली, हा मधला अपवाद. असो.

विद्यापीठांची भांडारे मात्र मेसीच्या वाटेने जन्मास आली नाहीत. हार्वर्डच्या आसपासचे दुकानदार पुस्तकांना आणि शेगडीच्या जळणालाही चढा भाव लावतात, या तक्रारीतून १८८२ साली चार्ल्स किप या विद्यार्थ्याने पुढाकार घेऊन तेथे सहकारी भांडार काढले. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली घालून दिलेला किता असा की, माल बाजारभावाने विकावा आणि वर्षाअखेर उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत द्यावा. हार्वर्डच्या भांडाराने सभासदांना हा परतावा दिला. येल, टेक्सस येथील विद्यार्थ्यांनीही शतक संपण्यापूर्वी सहकारी भांडारे उभारली. आमच्या सहकारी चळवळीच्या महाराष्ट्रातील श्रोत्यांना ही गोष्ट नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. अशा परताव्यात सवलत देणारा आणि घेणारा एकच असतो, म्हणून ती सर्वांत प्रामाणिक सवलत. पुढे यांतली कित्येक भांडारे चालविण्यास व्यापारी कंपन्यांकडे गेली; हार्वर्डचेही १९९५ पासून एका मोठ्या पुस्तक-कंपनीच्या व्यवस्थापनाखाली आले.

आता ती काळी रेघ. न खपलेल्या प्रती प्रकाशकाने घाऊक भावात काढून टाकल्या म्हणजे त्या पुन्हा पूर्ण किमतीच्या म्हणून परत पाठविल्या जाऊ नयेत, यासाठी कडेवर ही खूण करतात. लॅकिंग्टनच्या काळी अशा प्रती जळत. येथे त्यांना डागणी देऊन सोडून देतात. १९७९ साली या डागलेल्या पुस्तकांना पूर आला, तो एका अवजारांच्या कारखान्यामुळे. थॉर नावाच्या त्या कंपनीने गुदामात पडून असलेल्या सुट्या भागांची किंमत वहीत कमी दाखवून करात बचत मागितली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माल खरोखर विकून किंवा मोडीत काढून दाखविल्याशिवाय वहीतली किंमत उतरविता येणार नाही. प्रकाशकांचीही नेमकी हीच वहिवाट होती. वर्षाला थोड्याच प्रती खपणारे, पण वीस वर्षे खपणारे विद्वत्तापूर्ण पुस्तक गुदामात ठेवणे त्यामुळे महाग पडू लागले. ते लवकर काढून टाकणे किंवा लगदा करणे स्वस्त. नाताळच्या मेजावर तत्त्वज्ञानाचा एखादा जाड ग्रंथ चतुर्थांश किमतीस मिळाला म्हणून हरखून जाणाऱ्या प्राध्यापकाला बहुधा ठाऊक नसे की, हीच त्या ग्रंथाची बाजारातील अखेरची फेरी आहे. लेखकाला अशा विक्रीवर मानधन मिळते ते नाममात्र किंवा मुळीच नाही. सवलतीचे पैसे कोणाच्या खिशातून जातात या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे.

शेजारच्या खिडकीतला हिशेब वेगळा. पुढच्या सत्रात तेच पाठ्यपुस्तक लागणार असेल तर भांडार विद्यार्थ्याला साधारण निम्मी किंमत देई आणि जानेवारीत तीच प्रत पाऊण किमतीला विकी. अप्पा बळवंत चौकात ज्यांनी कॉलेजची पुस्तके घेतली आणि विकली त्यांना यात नवल वाटणार नाही. प्रकाशकाला मात्र दुसऱ्या, तिसऱ्या विक्रीतून काहीच मिळत नाही. १९०८ च्या निकालाने त्याचे हात बांधलेले. म्हणून त्याने दुसरा उपाय योजला : दर दोन-चार वर्षांनी नवी आवृत्ती. प्रकरणांची अदलाबदल, उदाहरणांचे क्रमांक वेगळे, आणि जुनी आवृत्ती परतखरेदीच्या खिडकीत शून्य किमतीची. कलनशास्त्रात तीन वर्षांत असा काय बदल झाला, हे विचारण्याची सोय विद्यार्थ्याला नसते.

याच प्रकाशकांनी आशियासाठी त्याच पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या. आपल्या इंजिनियरिंगच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती त्या असतात. केवळ भारत, नेपाळ, बांगलादेश आदी देशांतच विक्रीसाठी, अशी सूचना मुखपृष्ठावर ठळक छापलेली. ‘द कास्टअवे’वरील सूचनेचीच ही नात म्हणावी; तिने किंमत बांधली होती, ही भूगोल बांधते. थायलंडहून १९९७ साली गणित शिकण्यासाठी कॉर्नेल विद्यापीठात आलेल्या सुपाप कर्टसँग या विद्यार्थ्याने पुढे मायदेशातील नातलग आणि मित्र यांजकडून अशी पुस्तके मागवून अमेरिकेत विकावयास प्रारंभ केला. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने २००८ साली त्याच्यावर खटला भरला. आठ पुस्तकांबद्दल सहा लाख डॉलर दंड झाला. २०१३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाविरुद्ध तीन मतांनी तो निकाल फिरविला. प्रत कायदेशीरपणे छापली आणि विकली गेली असेल, तर ती कोणत्या देशात छापली याला महत्त्व नाही. पहिल्या विक्रीनंतर ती विकत घेणाऱ्याची झाली. गंमत अशी की, याच प्रकाशनसंस्थेने २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयात, भारतातून अशा स्वस्त आवृत्त्या परदेशी विकणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळविला होता. म्हणजे तीच सूचना दिल्लीत बंधनकारक आणि वॉशिंग्टनमध्ये निरर्थक! आम्हांस या दोन निकालांत अमेरिकेचा अधिक पटतो. पण एक भीती तेव्हाच बोलून दाखविली गेली होती, आणि ती अनाठायी नव्हती. स्वस्त आवृत्ती जर फिरून महाग बाजारात येणार असेल, तर प्रकाशक ती स्वस्त ठेवील कशाला? बँकॉकच्या आणि पुण्याच्या विद्यार्थ्याची सवलत न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याच्या महागाईवर उभी होती, हे कोणी नाकारू शकत नाही.

प्रकाशकांनी अखेरीस न्यायालयाचा नाद सोडला आणि वस्तूचेच रूप पालटले. २०१९ च्या जुलैमध्ये पिअर्सन या बड्या पाठ्यपुस्तक-कंपनीने जाहीर केले की, अमेरिकेतील आपली उच्च शिक्षणाची पुस्तके यापुढे प्रथम डिजिटल रूपातच सुधारली जातील. डिजिटल पुस्तक विकले जात नाही. ते वाचण्याचा परवाना मिळतो, आणि परवान्याला पहिली विक्री नसते म्हणून दुसरीही नसते. हॉलंडमधील टॉम कॅबिनेट या कंपनीने वाचून झालेली ई-पुस्तके पुन्हा विकण्याचा धंदा आरंभिला होता. १९ डिसेंबर २०१९ रोजी, नाताळला सहा दिवस असताना, युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की ई-पुस्तक उतरवून देणे हे छापील प्रतीच्या विक्रीसारखे नाही. ग्रंथस्वामीच्या परवानगीवाचून ते पुढे विकता येणार नाही.

विद्यापीठाच्या भांडारातील मेजांवर आता विद्यापीठाचे चिन्ह असलेले बंड्या-टोप्या आणि चहाचे पेले यांची गर्दी अधिक. डागलेली पुस्तके एका कडेला. पाठ्यपुस्तकाऐवजी मिळते ते एक लहानसे पाकीट, आत सांकेतिक अक्षरांची ओळ. पाकीट फोडून ती एकदा यंत्रात भरली की सत्र संपेपर्यंत पुस्तक उघडते. मग डिसेंबरात ते पाकीट परतखरेदीच्या खिडकीत नेले, तर त्याला कोणी भाव देत नाही.